मरव्याबरोबर आणलेली माती

पौषातल्या एका मंगळवारी अक्का वारली, उदगीरला. सकाळी तिनं भिंतीपलीकडच्या चाचींकडे दूध मागितलं होतं. दुपारी चाचींनी मला नांदेडला फोन केला. मी बसने उदगीरला पोचलो तेव्हा दारात चपला होत्या.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून बरीच थोरली. मला शाळेत तिनंच घातलं, वाचायला तिनंच लावलं, आणि मी पुढे नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथालयाच्या कामाला लागलो त्याचं मूळही तिच्यातच आहे. तिनं लग्न केलं नाही. उदगीरच्या प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि भाड्याच्या त्याच दोन खोल्यांत राहत राहिली. नांदेडला ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्या दुसऱ्या मजल्यावर माती कुठंय?" त्या खोल्यांच्या मागे परसदार होतं. तिथं कढीपत्ता होता, तुळस होती, गवती चहा होता, आणि मोरीच्या तोंडाशी मरवा होता.

मरवा दिसायला काहीच नाही. वीतभर-हातभर वाढणारं झुडूप, नखाएवढी राखाडी हिरवी पानं. पण पदर नुसता घासून गेला तरी वास दिवसभर सोबत राहतो. अबोलीच्या नाहीतर शेवंतीच्या गजऱ्यात मध्ये मध्ये मरवा गुंफला नाही तर आमच्याकडच्या बायका तो गजरा हातात धरून फुलवालीकडे अशा बघतात, जणू तिनं मीठ न घालता वरण वाढलंय. अक्का गजरा माळत नसे. शाळेला निघताना एक काडी खुडून साडीच्या निरीत खोचायची. पहिलीची पोरं दाराकडं पाठ करून बसली असली तरी वासावरूनच "टीचर आल्या" म्हणून उठून उभी राहायची. महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या बायका मरव्यासाठी वाट्या घेऊन यायच्या, आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी चाचींच्या सुना.

अंत्यविधी मी केला, म्हणून मी उदगीरलाच राहिलो. गावाकडून चुलते आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सुतक हाय. तुळशीला हात लावायचा न्हाई."

"आणि बाकीच्या झाडांना?"

"झाडं ती झाडंच की रे. समदीच."

घरात चूल पेटत नव्हती. जेवण शेजारून, नातेवाइकांकडून येई. भांडी पडत नव्हती, त्यामुळे मोरीतून पाणी वाहत नव्हतं. मी मागच्या उंबऱ्यावर बसून मरव्याकडे बघत राही. त्याचे शेंडे हळूहळू खाली झुकायला लागले होते. मला ते दिसत होतं, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नसल्यामुळे फार स्पष्ट दिसत होतं.

एका सकाळी भिंतीवरून चाचींचं डोकं वर आलं. त्या स्टुलावर चढल्या होत्या.

"भैया, झाड सुकून राहिलंय. दिसत न्हाई का तुम्हाला?"

"सुतक आहे, चाची."

"तुम्हाला हाय. माझ्याकडं कुठलं सुतक?" असं म्हणून त्यांनी बादली भिंतीवर ठेवली. खालून चाचांचा आवाज आला, "गिरेगी! इस उमर में हड्डी जुडती नहीं!"

"तुम स्टूल पकडो, बातां नक्को करो."

चुलते ओसरीवरून हे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते घसा खाकरून म्हणाले, "आवो बाई, त्या कोपऱ्यातल्या तुळशीलाबी टाका थोडं."

"टाकते की," चाची म्हणाल्या. "तुळस माझ्या वळखीचीच हाय."

त्या रोज पाणी घालू लागल्या. मरवा उभा राहिला. तेरावा झाल्यावर मी पहिल्यांदा त्याला हात लावला, पान चुरगाळलं, आणि तो वास आल्यावर मला अक्का गेल्यानंतर पहिल्यांदा नीट रडू आलं. त्याच वेळी मी ठरवलं, की मरवा नांदेडला न्यायचा.

ठरवणं भागच होतं. घरमालक भला माणूस. त्यानं पाडव्यापर्यंत घर ठेवू दिलं; मी नांदेडला परतलो आणि तोवर पाणी चाचीच घालत राहिल्या. पण पाडव्यानंतर तिथं नवीन बांधकाम होणार होतं, परसदारासकट. कढीपत्ता काही हलणार नव्हता. गवती चहा कुणी कुणी वाटून नेला. मरवा मी चाचींना देऊ केला तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं बकऱ्या हायत. त्यांनी चाचांची लुंगी खाल्ली, मरव्याला सोडतील?" म्हणजे अक्काच्या हातचा मरवा जगला तर माझ्याकडे जगणार, नाहीतर कुठंच नाही.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी खोल्या रिकाम्या करायला गेलो. भांडी, पुस्तकं, कपाट हे सगळं टेम्पोनं गेलं. मरवा मी स्वतः नेणार होतो. तो मी खुरप्यानं नाही, लोखंडी सबलीनं काढला. चहूबाजूंनी खोल खणून मातीचा भलामोठा गोळा उचलला. उदगीरची काळी माती. अक्कानं वर्षानुवर्षं तिच्यात चहाचा चोथा घातला होता, राख घातली होती, चाचींकडची अंड्याची टरफलं घातली होती. त्या मातीचा एक कणही खाली पडू नये असा माझा आग्रह होता. मी गोळा अक्काच्या जुन्या सुती लुगड्यात करकचून बांधला आणि पत्र्याच्या तेलाच्या डब्यात बसवला.

"इतकी माती कायकू?" चाचींनी विचारलं.

"अक्काची आहे."

त्यांनी मरव्याच्या देठाला काळा दोरा बांधला. "नजर लागती," म्हणाल्या. "एवढं हिरवंगार बसमधून नेऊन राहिलाव."

बसमध्ये मी डबा मांडीवर घेतला. उदगीर सुटेपर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. मग गाडीनं वळण घेतलं, खिडकीतून वारा आला आणि वास पार ड्रायव्हरपर्यंत गेला. माना वळल्या. पुढच्या बाकावरच्या बाईंनी डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "मरवा हाय का वो?" मी हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. मी एक काडी दिली. मग मागून एक हात आला. मग बाजूनं. अहमदपूरला कंडक्टर माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"झाडाचं तिकीट काढलंय का?"

मी गडबडलो.

"हाफ लागतंय," तो गंभीरपणे म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. मग त्यानंही एक काडी घेतली आणि खिशाच्या पेनाशेजारी खोचली.

अक्का गेल्यापासून मी इतक्या लोकांशी बोललो नव्हतो. नांदेड येईपर्यंत मला चक्क आनंद झाला होता. सणाला माणूस घरी आणतात तसा मी त्याला घेऊन रिक्षात बसलो.

बायकोनं बाल्कनीत जागा करून ठेवली होती. आम्ही रोपवाटिकेतून मोठी कुंडी आणि भुसभुशीत तयार माती आणली होती. नारळाचा भुसा, शेणखत, वाळू असं सगळं त्यात होतं. त्या मऊ मातीच्या मधोमध मी लुगडं सोडून अक्काचा गोळा जसाच्या तसा बसवला. बाजूनं माती दाबली. पाणी घातलं. ते झरझर झिरपून खालच्या भोकातून बाहेर आलं. मी बायकोला बोलावून दाखवलं. निचरा किती चांगला आहे ते.

पहिले काही दिवस मी कॉलेजातून येऊन चपला न काढता बाल्कनीत जात होतो. मरवा ताठ होता. मग एका दुपारी शेंडे लवले. संध्याकाळी पाणी घातलं, थोडे उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लवले, आणि या वेळी उठले नाहीत. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी घातलं. पाणी झरझर खाली जाई.

बायको लातूरची. दाळमिलच्या मागच्या गल्लीत वाढलेली. तिची जीभ नेहमी माझ्या पुढं असते. "आमच्या लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं ना, तेव्हासुद्धा आईच्या कुंड्या जगल्या," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडं नळाला पाणी असून झाड माना टाकतंय."

"पाण्याचा प्रश्न नाही. ऊन आहे."

"मग आत आणा की. त्याला काय लाज वाटते का आपली?"

मी कुंडी आत आणली, खिडकीपासून दूर ठेवली, मग पुन्हा खिडकीजवळ नेली. रोज संध्याकाळी चाचींचा फोन यायचा. "टीचरचा मरवा कसा हाय?" मी म्हणायचो, बरा आहे. खोटं बोलणं मला जमत नाही, आणि त्यांना ते कळत असणार, कारण त्या फोन ठेवताना "अल्ला बरं करील" असं म्हणत, जसं आजारी माणसाच्या घरी म्हणतात.

माझा स्वभाव असा, की काही कळलं नाही की मी पुस्तकाकडे जातो. ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राचं कपाट आहे. मी त्यातली विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं जेवणाच्या सुट्टीत वाचू लागलो, आणि अक्का गेल्यानंतर पहिल्यांदा असं झालं, की मी एका पानावरून पुढच्या पानावर गेलो आणि मधलं मला आठवत होतं. तोवर नुसते डोळे फिरत होते.

मला जे कळलं ते साधं होतं. आपण ज्यांना मुळं म्हणतो ती जाडी मुळं झाडाला उभं धरून ठेवतात. पाणी ओढून घेतात ती त्यांच्या टोकांची अगदी बारीक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी केसासारखी तुसं. झाड कितीही जपून उपटलं तरी ती तुटतात, मागच्या मातीत राहतात. वरची पानं मात्र तेवढीच असतात आणि हवेत पाणी सोडतच राहतात. म्हणून स्थलांतर केलेलं झाड पाणी असूनही तहानेलं असतं. त्याची नवी तुसं फुटेपर्यंत त्याला सावली द्यावी, वरचा भार छाटावा. तुळस, पुदिना, मरवा अशा कोवळ्या खोडाच्या झाडांना हे लवकर जाणवतं. त्यांच्याजवळ साठवलेलं फारसं काही नसतं.

मी धावतच घरी आलो. खरंच धावलो, या वयात, पिशवी खांद्यावरून घसरत होती. कात्री घेतली आणि शेंडे छाटले. छाटलेले शेंडे टाकवेनात, म्हणून एका काचेच्या बाटलीत पाणी भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. चहा करताना वास येईल एवढंच मनात होतं.

तरीही मरवा सुकतच गेला.

मग एका रविवारी सकाळी मी कुंडीत बोट खुपसलं. कडेची माती ओली, मऊ. बोट सहज आत गेलं. मध्ये सरकवलं तर नख दुखावलं. अक्काचा गोळा दगडासारखा झाला होता. मी सुरी आणली, सुरी शिरेना. आणि गोळा आणि बाजूची माती यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट पडली होती. मी तांब्यानं पाणी ओतलं आणि नाक कुंडीला लावून बघितलं. पाणी गोळ्यावर थांबत नव्हतं. फटीतून सरळ खाली जात होतं. ज्या निचऱ्याचं मी कौतुक केलं होतं तो हाच.

मी ओरडलोच. बायको पळत आली.

"काय झालं? विंचू चावला का?"

"काळी माती आहे!"

"मग? काळीच आणली होती की तुम्ही."

"अगं, ती आकसते! उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात बघ, पाय अडकेल एवढ्या. मुळं तुटतात त्या भेगांत. लहानपणापासून बघतोय मी ते. तेच कुंडीत झालंय."

बोलता बोलताच मला पुढचं दिसत गेलं. उदगीरला तीच माती होती आणि तोच मरवा होता, मग तिथं कधी भेगा का पडल्या नाहीत? कारण तो मोरीच्या तोंडाशी होता. अक्का दिवसातून कितीदा हात धुवायची, भांडी विसळायची. तिथली माती कधी वाळतच नव्हती. वर कढीपत्त्याची सावली होती. सुतकात मोरी कोरडी पडली आणि मरवा लगेच मान टाकायला लागला होता. ते मी उंबऱ्यावर बसून रोज बघितलं होतं. मोरी आणि सावली उदगीरलाच सोडून मी फक्त माती घेऊन आलो होतो, आणि ती माती त्याला आवळत होती.

उपाय एकच होता. गोळा भिजवून विरघळवायचा, मुळं मोकळी करायची, आणि झाड नव्या मातीत लावायचं. मी मोठी परात आणली, पाणी भरलं, कुंडी पालथी करून गोळा त्यात ठेवला. आणि तिथं माझा हात थांबला. मी त्या गोळ्याकडे बघत राहिलो. वर चाचींनी बांधलेला काळा दोरा होता.

बायको पदर खोचून माझ्या शेजारी बसली.

"अक्का काय सांभाळत होत्या हो? माती का मरवा?"

मी परातीत हात घातला. माती आधी बधली नाही, मग एकदम सुटायला लागली. पाणी शाईसारखं झालं. बोटांना अंड्याच्या टरफलांचे तुकडे लागत होते. आगपेटीची एक विझलेली काडी निघाली. आणि मग एक पांढरा तुकडा निघाला. मी तो टरफल समजून बाजूला टाकणार होतो. बायकोनं उचलला, अंगठ्यानं पुसला. खडू होता. अक्काच्या खडूचा तुकडा. शाळेतून आल्यावर ती पदर झटकायची मोरीपाशी, तेव्हा पडला असेल. आम्ही दोघं त्या एवढ्याशा खडूकडे बघून हसायला लागलो, आणि हसता हसता बायकोचे डोळे भरून आले. मला त्या वेळी रडू आलं नाही. मला मुळं बघायची घाई होती.

मुळं बहुतेक सगळी तपकिरी, मऊ पडलेली होती. दोन-चार पांढरी होती. मी झाड नव्या मातीत लावलं, सावलीत ठेवलं, आणि त्या रात्री चाचींना फोनवर खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे गेलं का झाड?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, चाची."

"मी पानी घालाया यिऊ का तिकडं?" त्या म्हणाल्या. थट्टा नव्हती ती.

झाड गेलं. त्याला बघत राहण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी बघत राहिलो, आणि ते वाळून काडी झालं. ते उपटायला मी तयार नव्हतो. ज्या सकाळी मनाची तयारी केली त्याच सकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो! इकडं या! चपला राहू द्या!"

तिच्या हातात ती काचेची बाटली होती. छाटलेले शेंडे. मी त्यांना विसरलोच होतो. पाणी तीच बदलत होती. उजेडात धरल्यावर देठांच्या तळाशी पांढरे दोरे दिसले. केसासारखे. एक, मग दुसरा, मग बारकाईनं बघितलं तर सगळ्याच देठांना, कुठं टोचल्यासारखे नुसते ठिपके, कुठं नखाएवढे लांब. मी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघितलं. पुस्तकात मी जे वाचलं होतं ते माझ्या हातात, पाण्यात तरंगत होतं. त्यांना माती माहीतच नव्हती. पाण्यात, आमच्या खिडकीत, नांदेडच्या उजेडात ती फुटली होती.

मी तिथल्या तिथं चाचींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन कानाला लावला, मग सुनेनं तो डोळ्यांसमोर धरायला लावला. मी बाटली कॅमेऱ्याच्या इतकी जवळ नेली, की त्यांना आधी नुसतं पांढरं दिसलं.

"काय दाखवून राहिलाव? शेवया?"

"मुळं आहेत, चाची! मरव्याची मुळं!"

त्या घरात ओरडल्या, "ओ, सुनो! टीचरका मरवा जिता है!" मागून चाचा काहीतरी म्हणाले. "म्हणून राहिलेत, मिठाई द्या," चाची म्हणाल्या. "बाप झाल्यासारखे दिसतायत म्हणे तुम्ही."

दोरे बोटभर झाल्यावर आम्ही ते शेंडे छोट्या कुंड्यांत लावले. काळी माती घातली नाही. ती आम्ही परातीतून खाली नेऊन इमारतीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली ओतली. खडू मात्र मी ठेवला. तो टेबलावर चष्म्याच्या डबीत आहे.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा अक्काला वर्ष झालं नव्हतं, म्हणून आमच्याकडे सण नव्हता. पण मरवा चांगला फुटला होता, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वाटी घेऊन आल्या. त्या कुणाच्या सांगण्यावरून आल्या होत्या माहीत नाही. बहुधा वास जिन्यानं खाली गेला असावा. त्यानंतर मी एक कुंडी घेऊन उदगीरला गेलो. अक्काच्या खोल्यांच्या जागी कॉलम उभे होते. कढीपत्ता नव्हता. चाचींनी गच्चीवर, बकऱ्यांना पोचता येणार नाही अशा ठिकाणी, कुंडीसाठी जाळी बांधून ठेवली होती. चाचा स्टूल धरून उभे होते. मी वर चढून कुंडी ठेवली, आणि चाचींनी पाणी घातलं.

आता मरवा दोन ठिकाणी आहे. नांदेडला आमच्या बाल्कनीत, आणि उदगीरला चाचींच्या गच्चीवर.